डाळिंब, लिंबू आणि बर्फ : घरातील कॉकटेल बारच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

आजोबांचे सागवानी कपाट आज माळ्यावरून दिवाणखान्यात उतरवले. साखर पेठेतील जुन्या घरात यंत्रमागाच्या कारखान्याच्या रोजकीर्दी आणि खतावण्या या कपाटात असत. जुळे सोलापुरात राहायला आल्यापासून मात्र त्यात जुने अभ्रे आणि रिकामे डबे साठत गेले होते. या कपाटाचा कॉकटेल बार करायचा, असे दोन वर्षांपासून मनात आहे. आज आईनेही होकार दिला, पण एक अट घातली : कपाटाचा अर्धा भाग सरबतांचा राहील आणि त्या भागाला कुलूप असणार नाही.

सुरुवात बाटल्यांपासून करायची नाही, असे मी ठरवले आहे. ओळखीच्या काही घरांत पंधरा-पंधरा बाटल्यांची रांग पाहिली आहे, आणि त्याच घरात पाहुणा आल्यावर ताजे लिंबू शोधत फिरावे लागल्याचेही पाहिले आहे. म्हणून आधी पेये निवडायची आणि त्या पेयांना लागेल तेवढेच सामान आणायचे. आजची निवड अशी : दायकिरी, म्हणजे पांढरी रम, लिंबू आणि साखर, तिचीच डाळिंबाची बहीण, जिच्यात साखरेऐवजी ग्रेनेडीन पडते, उन्हाळ्यासाठी जिन, लिंबू आणि सोड्याचे टॉम कॉलिन्स, आणि व्हिस्कीचे ओल्ड फॅशन्ड. कॉकटेल या शब्दाचा छापील अर्थ पहिल्यांदा न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावाच्या एका वृत्तपत्राने १३ मे १८०६ रोजी दिला, आणि त्यात मद्य, साखर, पाणी व बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क) एवढ्या चारच गोष्टी होत्या. ओल्ड फॅशन्ड आजही त्याच चार गोष्टींचे आहे, त्यामुळे ते वगळणे मला पटले नाही.

या चारही पेयांत माझा जीव खरा अडकला आहे तो दुसऱ्यात. ग्रेनेडीन म्हणजे मुळात डाळिंबाचे सिरप. फ्रेंच भाषेत डाळिंबाला ग्रेनाद म्हणतात, त्यावरून ते नाव आले. आज बाजारात त्या नावाने मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत साखर, आम्ल आणि लाल रंग यांपलीकडे फारसे काही नसते. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्या शहराच्या वेशीवर केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे राहून मी लाल रंगाचे पाणी विकत आणणार नाही.

१९ जानेवारी

सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे घरात पाहुणे होते, म्हणून गेल्या आठवड्यात सुतारकाम थांबवले होते. आज सुतारमामा आले आणि दिवसभरात निम्मे काम उरकले.

कपाटाचा मधला फळा काढून तिथे बाहेर सरकणारा ओटा करायचा आहे, आणि त्यावर कोणता दगड बसवायचा यावर बरीच चर्चा झाली. मामा म्हणाले, "साहेब, घरात शहाबादीचा तुकडा पडलाय, तोच घासून बसवू की, खर्च कशाला?" सल्ला काटकसरीचा होता, पण शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि या ओट्यावर रोज लिंबू कापले जाणार. मी त्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाकून दहा मिनिटे ठेवले. पुसल्यावर तिथे चार पांढुरके, खरबरीत डाग उरले. काळा कडप्पा दिसायला ग्रॅनाइटसारखा असला तरी तोही चुनखडीच्याच जातीचा, म्हणून तोही बाद केला. शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा वापरायचे ठरले. लिंबाची हीच परीक्षा त्याच्यावर घेतली, तेव्हा काहीच डाग पडला नाही. ओट्याची उंची माझ्या कोपराच्या जरा खाली येईल अशी धरली आहे, कारण शेकर हलवताना आणि बर्फ फोडताना वाकावे लागले तर दुसऱ्याच पेयाला पाठ बोलू लागते.

कपाट पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून उत्तरेच्या भिंतीला लावले. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे सहज जातो आणि आमची पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. बाटल्यांना ऊन आणि उष्णता दोन्ही नकोत.

२५ जानेवारी

उद्या प्रजासत्ताक दिन असल्यामुळे दुकाने बंद राहतील, म्हणून खरेदी आजच उरकली. त्याआधी कागदपत्रांची बाजू पुरी केली होती. महाराष्ट्रात १९४९ च्या मद्यनिषेध कायद्यानुसार मद्य विकत घेणे, जवळ बाळगणे आणि पिणे या सर्वांसाठी परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. माझा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून रीतसर काढलेला आहे. त्याची प्रत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली, कारण घरात साठा करायचा तर तो हिशेबाने आणि उजळ माथ्याने व्हावा. गोव्याहून स्वस्त बाटल्या आणून देण्याची तयारी एका मित्राने दाखवली होती. परराज्यातून परवान्याशिवाय मद्य आणणे गुन्हा आहे, म्हणून त्याला नको म्हणून कळवले.

घेतलेल्या बाटल्या चारच आहेत : एक पांढरी रम, एक जुनी गडद रम, गोव्यात तयार होणारी एक जिन आणि एक भारतीय सिंगल माल्ट व्हिस्की. गडद रम चार पेयांपैकी कशातच सक्तीची नाही, पण डाळिंबाबरोबर ती कशी लागते हे पाहायचे आहे. शिवाय रम उसाच्या मळीपासून होते, आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळीचा वास न ओळखणारा माणूस विरळाच. आमच्या घरी तर गळीत हंगामात गावाकडून येताना तो वास कपड्यांतूनच येतो. व्हिस्कीवर मात्र मी जाणूनबुजून जास्त पैसे खर्च केले. आपल्याकडील स्वस्त व्हिस्कीत बहुधा मळीच्याच मद्यार्काचे प्रमाण मोठे असते. ओल्ड फॅशन्डमध्ये लिंबाचा आडपडदा नसल्यामुळे ती लगेच उघडी पडते.

व्हर्मूथ घेतले नाही. ती मुळात वाइन आहे. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवली तरी महिना-दोन महिन्यांत तिची चव उतरू लागते, आणि आमच्या घरात तेवढ्या काळात ती संपणार नाही. अंगोस्टुरा बिटर्सची लहान बाटली मामेभावाने पुण्याहून पाठवली. १८२४ साली डॉ. सिगर्ट या जर्मन वैद्याने व्हेनेझुएलातील अंगोस्टुरा गावी हे औषध म्हणून बनवले आणि पुढे त्याचे उत्पादन त्रिनिदादला गेले. एका पेल्याला दोन-तीन शिंतोडे पुरतात, म्हणजे ही बाटली वर्षभर सहज चालेल.

बाटल्या उभ्याच ठेवल्या आहेत. वाइनची बाटली आडवी ठेवण्याची रीत इथे लागू होत नाही, कारण कडक मद्य बुचाला सतत लागून राहिले तर बूच झिजते. वरच्या तीन खणांना कुलूप बसवले असून किल्ली माझ्याकडे आणि सौभाग्यवतींकडे आहे.

२ फेब्रुवारी

अवजारे जमवली. तीन भागांचा स्टीलचा शेकर आणि १५, ३० व ४५ मिलीच्या खुणा असलेले माप एवढेच विकत घेतले. दुसरी गाळणी म्हणून चहाची बारीक गाळणी उत्तम चालते. पुदिना आणि साल चेपायला लाकडी खलबत्त्यातला बत्ता आहे. बर्फ फोडण्यासाठी बाहेरदेशी कॅनव्हासची पिशवी वापरतात, कारण कापड बर्फावरचे पाणी शोषून घेते आणि चुरा कोरडा राहतो. आईने त्यासाठी जाड मांजरपाटाची पिशवी दुहेरी शिवून दिली. ओट्यावर घालायला सोलापुरी टेरी टॉवेलचे चार छोटे तुकडे कडा दुमडून घेतले आहेत. ओला पेला त्यावरून घसरत नाही आणि सांडलेले थेंब लगेच टिपले जातात, त्यामुळे रबरी चटई आणण्याचा विचार सोडून दिला.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस वाया गेला, पण नोंद सविस्तर करतो.

मृग बहाराची फळे सध्या भरपूर आहेत. सांगोल्याकडच्या एका शेतकऱ्याकडून चार किलो भगवा (डाळिंबाचा एक वाण) आणला, तोही सालीवर डाग असलेला. तेल्या रोगाने आणि उन्हाने डागाळलेली फळे टोपलीत मागे पडतात, पण साल फोडल्यावर दाणे निरोगी निघाले तर रसासाठी त्यांत काहीच उणे नसते, आणि शेतकऱ्याच्या त्या मालालाही किंमत मिळते. दाणे सोडवायला दोघांना दीड तास लागला. मग मी रस मिक्सरमध्ये काढला आणि घरातल्या मोठ्या लोखंडी कढईत साखर घालून उकळायला ठेवला. पाच मिनिटांत माणकासारखा रस जांभळट झाला, आणि दहा मिनिटांत शाईसारखा काळपट. चव धातूसारखी आणि तुरट लागली. सगळा रस टाकून द्यावा लागला.

११ फेब्रुवारी

कारण सापडले, आणि ते मला आधीच सुचायला हवे होते. डाळिंबात, विशेषतः सालीत आणि बियांभोवतीच्या पडद्यांत, टॅनिन भरपूर असते, आणि टॅनिन व लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. डाळिंबाच्या सालीला हिराकशीची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची, जोड देऊन सूत करडे-काळे रंगवण्याची पद्धत जुनी आहे. ज्या घराने सुतावर पोट भरले, त्या घरातल्या माणसाने लोखंडी कढई घ्यावी, याचे वाईट वाटले. तुरटपणाचा दोष मिक्सरचा होता. पाती फिरली की बिया फुटतात आणि त्यांचा कडवटपणा रसात उतरतो.

१६ फेब्रुवारी

दुसरा प्रयत्न साधला. पुन्हा चार किलो फळे आणली. दाणे सव्वादोन किलोच्या आसपास भरले. पांढरा पडदा एकही राहू दिला नाही. दाणे मलमलच्या फडक्यात घेऊन हाताने दाबले, बिया अख्ख्या राहिल्या आणि दीड लिटर रस मिळाला. स्टीलच्या पातेल्यात रस नुसता कोमट केला, त्यात १२०० ग्रॅम साखर विरघळेपर्यंत ढवळले आणि लगेच खाली उतरवले. उकळी येऊ दिली नाही, कारण उकळल्यावर डाळिंबाचा ताजा वास जातो आणि मुरंब्याचा वास येतो.

गार झाल्यावर चाखले, तेव्हा रंग अप्रतिम होता, पण चव सपाट वाटली. भगवा हा खाण्यासाठी निवडलेला वाण आहे. त्याचा गोडवा आणि कमी आंबटपणा हाच त्याचा गुण, आणि सिरपमध्ये तोच गुण आड येतो. प्रत्येक लिटरला अर्धा चमचा लिंबूसत्व घातले. एका छोट्या वाटीतल्या सिरपात लिंबूसत्वाऐवजी वाण्याकडचा सुका अनारदाणा रात्रभर भिजत ठेवला आहे.

(दुसऱ्या दिवशीची भर : अनारदाण्याचे सिरप सरस निघाले. लिंबूसत्वाचा आंबटपणा जिभेवर टोचून विरतो, तर अनारदाण्याचा डाळिंबाच्याच चवीत मुरून राहतो. सबंध साठ्यात शंभर ग्रॅम अनारदाणा रात्रभर भिजवून गाळून घेतला.)

साडेचारशे मिलीच्या पाच बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी आहे. एक फ्रिजमध्ये, उरलेल्या चार बर्फाच्या कप्प्यात थोडी जागा सोडून ठेवल्या. एवढ्या साखरेमुळे त्या दगडासारख्या गोठत नाहीत.

२३ फेब्रुवारी

बर्फाकडे मी आजवर दुर्लक्ष केले होते, आणि तीच मोठी चूक होती. शेकरमध्ये पेय गार होते ते बर्फाच्या नुसत्या गारव्याने नव्हे, तर बर्फ वितळल्यामुळे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे गारवा आणि पेयात मिसळणारे पाणी ही एकाच व्यवहाराची जमा आणि नावे आहेत. बर्फाचे पाणी हा पेयाचा एक घटकच ठरतो, आणि त्या पाण्याची चव पेयात उतरणारच.

आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे हौदातले आणि बोअरचे पाणी घरात मिसळून वापरले जाते. बोअरच्या जड पाण्याच्या बर्फाने दोन गोष्टी झाल्या : पेयाला खडूसारखी मागची चव आली, आणि डाळिंबाचा लाल रंग जरा जांभळ्याकडे झुकला. हा रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर होतो, आणि जड पाण्यातले क्षार आम्ल खातात. म्हणून बर्फासाठी आता फक्त शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरायचे. बाजारातल्या लादीचा विचारही केला नाही. आपल्याकडे अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे, पण खाद्य म्हणून विकली जाणारी लादी कशी हाताळली गेली हे पेल्यात पाहून कळत नाही.

काचेसारख्या स्वच्छ बर्फासाठी थर्माकोलची छोटी पेटी झाकणाशिवाय बर्फाच्या कप्प्यात ठेवली. पेटीच्या भिंती थंडी अडवतात, पाणी फक्त वरून गोठत खाली जाते, आणि हवेचे बुडबुडे व क्षार तळाच्या पाण्याकडे ढकलले जातात. वीस तासांनी बाहेर काढून तळाचा न गोठलेला भाग ओतून दिला, आणि हातात आरपार दिसणारी वीट राहिली. दातेरी सुरीची खाच पाडून बत्त्याने हलकेच ठोकले की ती सरळ रेषेत फुटते. आईने तो तुकडा दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला.

८ मार्च

मोजणीचा दिवस. दायकिरीचे घरचे माप ४५ मिली रम, २० मिली लिंबाचा रस आणि १५ मिली साखरेचा पाक असे ठरवले. पाक समान वजनाच्या साखर-पाण्याचा आहे. पुस्तकी मापात रम ६० मिली असते. आपल्याकडची रम ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ३० मिलीत साधारण १० ग्रॅम मद्यार्क. साठ मिलीचा पेला म्हणजे दोन पेग होतात, आणि तो इतका सहज उतरतो की पिणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून घरात ४५ हीच मर्यादा राहील, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी माप बदलणार नाही.

हे ८० मिली मिश्रण साध्या ट्रेच्या ओलसर, बारीक बर्फाबरोबर बारा सेकंद हलवले, तेव्हा १३५ मिली भरले. तेच फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या मोठ्या, कोरड्या तुकड्यांबरोबर हलवले, तेव्हा १२० मिली भरले आणि पहिल्यापेक्षा अधिक गार लागले. स्वयंपाकाचा तापमापक उणे ४ अंश दाखवत होता. फरक बर्फाच्या पृष्ठभागावर आधीच असलेल्या पाण्याचा आहे. ते पाणी गारवा देत नाही, नुसते पेयात मिसळते.

आपले कागदी लिंबू या कामाला उत्कृष्ट आहे. त्याचा रस आंबट आणि सालीचा सुवास तीव्र असतो. मात्र सकाळी काढलेला रस संध्याकाळी मंद आणि किंचित कडू लागला, म्हणून रस आयत्या वेळीच काढायचा. लिंबे लक्ष्मी मंडईतून पातळ सालीची, हातात जड लागणारी निवडून आणावीत.

३० मार्च

गुढीपाडवा. आज मद्याच्या खणांचे कुलूप उघडले नाही. दुपारी श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर आईने डाळिंबाचे सिरप, लिंबू, चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड यांचे सरबत केले. सिरपची एक अख्खी बाटली त्यात संपली. गडद रमसाठी मी जे संतुलन शोधत होतो ते मला या सरबतात सापडले : सैंधवाने डाळिंबाचा तुरटपणा मऊ होतो. यापुढे डाळिंबाच्या कॉकटेलमध्ये मिठाच्या पाण्याचे दोन थेंब पडतील.

१३ एप्रिल

उन्हाळा लागला. टॉम कॉलिन्ससाठी गोटीसोडा वापरून पाहिला. त्याचा झणका बाटलीतल्या सोड्याहून जास्त भासतो, पण तो आधी चार तास फ्रिजमध्ये असेल तरच. कोमट सोड्यातला वायू पेल्यात ओतताच निघून जातो. जिन ४५, लिंबू २०, पाक १५, आणि वरून सोडा अलगद कडेने. ढवळणे एकदाच.

२० एप्रिल

काल संध्याकाळी ताई आणि दाजी आले होते, आणि शेजारचे काका-काकूही. घरातले बाराच्या बारा काचेचे पेले कामाला लागले. काकूंनी आणि आईने सरबत घेतले, आणि ते त्याच काचेच्या पेल्यांतून, त्याच स्वच्छ बर्फावर दिले. दाजींनी पहिल्यांदा ओल्ड फॅशन्ड मागितले, पण दुसरा पेला त्यांनी डाळिंबाचा घेतला : पांढरी रम ४५, लिंबू २०, ग्रेनेडीन १५, मिठाच्या पाण्याचे दोन थेंब. एक घोट घेऊन ते थांबले आणि म्हणाले, "हे आपल्या सांगोल्याचं डाळिंब आहे होय? मग आजवर बाहेर पितो ते काय असतं?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना मी पाच जानेवारीची नोंद त्यांना वाचून दाखवली.

गडद रम घालून केलेले तेच पेय मात्र मला पटले नाही. मळीचा भार डाळिंबावर चढतो. गडद रम ओल्ड फॅशन्डच्या धर्तीवर, बिटर्स आणि नागपुरी संत्र्याच्या सालीबरोबर चांगली लागते, असे रात्री उशिरा केलेल्या एका छोट्या प्रयोगात आढळले. कोणालाही गाडी चालवू दिली नाही. दाजी-ताई इथेच मुक्कामाला राहिले.

आजची शिल्लक : पांढरी रम पाव बाटली, जिन अर्धी, व्हिस्की अर्ध्याहून जास्त, बिटर्स जवळपास भरलेली. सिरपच्या दोन बाटल्या बर्फाच्या कप्प्यात आहेत. आंबे बहाराची फळे जूनच्या आधी हाती लागणार नाहीत, म्हणून एक बाटली आईच्या बाजूच्या खणासाठी राखून ठेवली आहे, आणि सांगोल्याच्या शेतकऱ्याला या वेळी आठ किलो डागी फळांसाठी आताच सांगून ठेवले आहे.